नवतप्याआधी छताकडे बघा

होळी पेटली की नागपुरात घरोघरी माळ्यावरचा कूलर खाली उतरतो. नवतपा, म्हणजे मे अखेरीस सुरू होणारे कडक उन्हाचे नऊ दिवस, अजून लांब असतो. माझं कळकळीचं सांगणं आहे, कूलरला हात लावण्याआधी छतावर चढा. वरच्या मजल्यावरच्या खोलीत किंवा टिनाच्या घरात खरी आग डोक्यावरून येते. दिवसभर तापलेला स्लॅब रात्री अकरालाही भाजत असतो आणि २०१३च्या मे महिन्यात पारा ४७.९ अंशांवर गेलेलं हे शहर आहे.

मार्चमध्येच स्लॅब झाडून-धुऊन घ्या, भेगा बुजवा, पाणी वाहून जायची वाट मोकळी करा. कळीचा चुना रात्रभर भिजवायचा, पण लोखंडी पिंपात. चुना विरताना पाणी उकळतं, प्लास्टिकची बादली टिकत नाही. लेकरांना तिथे फिरकू देऊ नका, डोळ्यांत शिंतोडा गेला तर इजा होते. सकाळी फडक्यातून गाळा, चिकटपणासाठी थोडा फेव्हिकॉल घाला आणि ऊन चढायच्या आत आडवे-उभे दोन हात मारा. पावसात चुना धुऊन जातो, म्हणून हे काम दरवर्षीचं. टिनावर चुना टिकत नाही, तिथे छतासाठीचा पांढरा रंगच लावा. खाली बांबूचा तट्टा ठोकणार असाल तर टिन आणि तट्ट्यात वीतभर जागा सोडून दोन्ही बाजूंनी वारा जाऊ द्या. थर्माकोल स्वस्त मिळतो, पण तो भुरकन पेटतो. घरात माणसं झोपतात, लावू नका.

मग पश्चिमेची खिडकी. तिला आतून नाही, बाहेरून पडदा किंवा हिरवी जाळी हवी. काच तापली की आतल्या पडद्याचा उपयोग थोडाच.

घरकुलाचं बांधकाम अजून व्हायचं असेल तर निदान पश्चिमेच्या भिंतीसाठी एएसी ब्लॉकचा, म्हणजे उष्णता कमी आत येऊ देणाऱ्या हलक्या, सच्छिद्र काँक्रीटच्या विटांचा, भाव विचारून ठेवा.

पंखा बदलायचाच असेल तर बीएलडीसी, म्हणजे कमी वीज खाणाऱ्या ब्रशलेस मोटरचा, घ्या. जुना ७५ वॅट खातो, हा साधारण ३०. रोज पंधरा तास चालला तर महिन्याला वीस युनिट वाचतात. हिवाळ्यासाठी वेगळं काही लागत नाही, दाराखालची फट बुजवली तरी पुष्कळ.

आता कूलर. ताट्या, म्हणजे बाजूच्या गवताच्या जाळ्या, बदला, टाकी खरवडून धुवा आणि पुढे दर आठवड्याला रिकामी करून कोरडी करा, नाहीतर डेंग्यूचे डास तिथेच वाढतात. कूलर खिडकीबाहेर सावलीत ठेवा आणि समोरचं दार किंवा खिडकी थोडी उघडी राहू द्या. दमट हवा बाहेर पडली तरच गारवा येतो. पाऊस लागला की पंप बंद करून नुसता पंखा चालवा. सगळ्यात महत्त्वाचं, वायरमनकडून अर्थिंग तपासून घ्या. दर उन्हाळ्यात कूलरचा शॉक लागून माणसं जातात. टाकीत पाणी भरताना आधी बटण बंद करायचं, मग पिन काढायची, हे घरातल्या प्रत्येकाला, म्हाताऱ्यांनाही, करून दाखवा.