फक्त गरम पाणी चालू, तरी रेडिएटर तापतात: माझा अनुभव

घर इंग्लंडमधलं. गॅस बॉयलर, माळ्यावरच्या टाकीतून भरणारा गरम पाण्याचा सिलिंडर. बॉयलरचं पाणी फिरून खोल्यांचे रेडिएटर आणि हा सिलिंडर तापवतं. सारखे अडकणारे मोटराइज्ड व्हॉल्व्ह (विजेवर उघडबंद होऊन पाण्याची वाट ठरवणारे) काढून रेडिएटरला एक, सिलिंडरला एक असे दोन पंप बसवले. तेव्हापासून उन्हाळ्यात, हीटिंग बंद असतानाही, वरच्या मजल्यावरचे रेडिएटर गरम.

पंपाचा वेग कमी केला, थर्मोस्टॅट बदलला, फरक शून्य. ऐन जुलैत डोकं तापायला एवढं पुरे!

खूण हाताला लागली: रेडिएटरचा रिटर्न पाइप (पाणी बॉयलरकडे परत नेणारा) आधी तापत होता. सिलिंडरचा पंप चालला की सामाईक रिटर्नमधून पाणी रेडिएटरमध्ये उलटं शिरायचं आणि बंद पंपातून परत यायचं. बंद पंप पाणी अडवत नाही.

आधी वीज बंद करून पाणी गार होऊ दिलं, मग सर्किट रिकामं केलं. प्रत्येक पंपातून पाणी बाहेर पडतं तिथे स्प्रिंगचा नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह (पाणी एकाच दिशेने जाऊ देणारा) लावला, बाण प्रवाहाच्या दिशेने. स्प्रिंगचाच घ्या, गरम पाणी आपोआप वर चढतं, तेही त्याने थांबतं. पुन्हा पाणी भरून दाब १ बारवर आणला, हवा काढली, एकेक पंप चालवून दुसऱ्याचा पाइप चाचपला. गार!

वायरिंगचं एक. बॉयलर सुरू करणारा छोटा स्विच मोटराइज्ड व्हॉल्व्हमध्येच असतो, तो गेला. म्हणून प्रत्येक पंपाला दोन पोलचा रिले (दोन वेगळे स्विच एकदम चालू करणारा, विजेवर चालणारा): एक पोल पंपाला, दुसरा बॉयलरला. नाहीतर बॉयलरच्या एकाच वायरवर दोन्ही पंप जोडले जाऊन, एक लावला की दुसराही फिरतो.

सिलिंडर थेट नळाच्या दाबावर चालणारा असेल तर मात्र मोटराइज्ड व्हॉल्व्ह काढू नका. सिलिंडर अति तापला तर बॉयलरचं पाणी तोच तोडतो.