डर्मा घेताय आणि हातात सर्जरी पण हवीय? मग सीट अशी बघा

नीट पीजीचा (एमबीबीएसनंतरच्या प्रवेश परीक्षेचा) रँक चांगला आला, एमडी स्किन म्हणजे डर्मा मिळणार हे जवळपास नक्की, की बहुतेक पोरं मागच्या वर्षीचा कटऑफ उघडतात आणि वरून खाली तसाच्या तसा चॉइस फिलिंगला (कॉलेजांच्या पसंतीक्रमात) टाकून मोकळी होतात. कटऑफमध्ये शहर, फी, बॉन्ड सगळं धरलेलं असतं, पण तीन वर्षांत ब्लेड तुमच्या हातात किती वेळा येणार ते त्यात कुठेच नसतं.

पहिलं म्हणजे लेझरला भुलू नका. क्यू-स्विच आहे, सीओटू आहे, डायोड आहे असं सगळेच सांगतात. मशीन चालू आहे का आणि चालवतं कोण ते विचारा, कारण सरकारी ठिकाणी मेंटेनन्सचा करार संपला की मशीन महिनोन्महिने कव्हरखाली पडून राहू शकतं, आणि प्रायव्हेटला मशीन चकाचक पण पेशंट पैसे भरून आलेला, मग हँडपीस सरांच्याच हातात. अपवाद दोन्हीकडे आहेत, म्हणूनच विचारायचं.

विचारायचं कुणाला? एचओडींना (विभागप्रमुखांना) नाही. तिथल्या सेकंड इयरच्या जेआरला (ज्युनिअर रेसिडेंट, म्हणजे तिथेच पीजी करणारा डॉक्टर), रात्री ओपीडीची धावपळ संपल्यावर, आणि मेसेज नको, सरळ फोन. "सर्जरी कशी आहे रे तुमच्याकडे?" विचारलंत तर "चांगली आहे" एवढंच उत्तर येणार. त्यापेक्षा विचारा, मागच्या महिन्यात तू स्वतः काय काय केलंस? मायनर ओटी (छोट्या ऑपरेशनचं थिएटर) आठवड्यातून किती दिवस असते? लॉगबुकमध्ये असिस्टेड किती आणि स्वतः केलेल्या किती? लायपोमा (चरबीची गाठ), सिस्ट स्किनवाले काढतात की सगळं सर्जरी आणि प्लास्टिक सर्जरीला रेफर होतं? हा शेवटचा प्रश्न फार कमी जण विचारतात आणि खरी गोम तिथेच असते, कारण प्लास्टिकवाल्यांशी पटत नसेल तर एक्सिजन (गाठ कापून काढणं) आणि फ्लॅप (शेजारची कातडी सरकवून जखम झाकणं) तुम्हाला पुस्तकातच दिसणार.

व्हिटिलिगो (कोड) सर्जरीबद्दल तर खोदून विचारा. सक्शन ब्लिस्टर ग्राफ्टिंगमध्ये मांडीवर सिरिंज लावून निगेटिव्ह प्रेशर द्यायचं, फोड यायला दीड-दोन तास, कधी त्याहून जास्त, मग फोडाचं वरचं पातळ पापुद्र्यासारखं छत अलगद कापून, उलटं न होऊ देता, डर्मअब्रेड केलेल्या (वरची कातडी घासून काढलेल्या) पांढऱ्या डागावर पसरायचं. यातलं जेआरच्या वाट्याला काय येतं? नुसतं सिरिंज सांभाळत बसणं आणि शेवटी ड्रेसिंग, की डर्मअब्रेजन पण? सेल सस्पेन्शन (त्वचेच्या पेशी द्रवात मिसळून डागावर लावणं) करत असतील तर ट्रिप्सिन या एन्झाइमने पेशी वेगळ्या करायचं काम कोण करतं ते पण विचारा. तसंच नेलचं, रिंग ब्लॉक देऊन (बोट बधिर करून) मॅट्रिक्स बायोप्सी (नखाच्या मुळाचा तुकडा) स्वतः घेतलेला जेआर भेटला तर त्या कॉलेजला यादीत दोन पायऱ्या वर चढवा.

मोह्ज सर्जरीच्या (त्वचेचा कॅन्सर थराथराने काढून लगेच तपासत जाण्याच्या) अमेरिकन रील्स बघून तो निकष लावू नका. आपल्याकडे बेसल सेल कार्सिनोमा हा त्वचेचा कॅन्सर तिकडच्यापेक्षा खूपच कमी दिसतो, मोह्ज करणारी सेंटर्स मोजकी. हेअर ट्रान्सप्लांट करायचं असेल तर मात्र आत्ताच बघा, कारण एनएमसीच्या (नॅशनल मेडिकल कमिशनच्या) 2022 च्या गाइडलाइननुसार वर्कशॉप किंवा यूट्यूब बघणं हे पुरेसं ट्रेनिंग नाही.

अजून एक, सर्जरी करणारे सर किंवा मॅडम एकच आहेत का? सरकारी कॉलेजात बदली झाली की अख्खी ओटी त्यांच्यासोबत जाते. दोन तरी फॅकल्टी ओटीत उतरणारे हवेत. आणि वॉर्ड बघायला विसरू नका राव, पेम्फिगस (अंगावर फोड येणारा आजार), लेप्रसी, ड्रग रिअ‍ॅक्शन न बघता नुसता कटिंगवर जोर देणारं डिपार्टमेंट असेल तर कुठे कापायचं नाही हे कोण शिकवणार?

एम्स, पीजीआय, जिपमर आयएनआय-सीईटी या वेगळ्या परीक्षेतून, बाकी ऑल इंडिया कोटा एमसीसीकडे (केंद्राच्या काउन्सेलिंग कमिटीकडे) आणि महाराष्ट्राचा स्टेट कोटा राज्याच्या सीईटी सेलकडे, म्हणजे सगळ्यांचं काउन्सेलिंग वेगवेगळं, त्यामुळे फोन रिझल्टनंतर नाही, आधीच करून ठेवा, काउन्सेलिंगच्या आठवड्यात त्या बिचाऱ्या जेआरचा फोन सतत बिझी असतो. सगळं विचारूनही मनासारखी सीट नाहीच लागली तर चांगला पेशंट लोड असलेलं कॉलेज घ्या, बायोप्सी आणि टाके तिथे पक्के करा, आणि एमडीनंतर डर्मॅटोसर्जरीची फेलोशिप बघा.