परग्रहवासी, अणुबॉम्ब आणि १९४३ चं पुणं : पर्यायी इतिहास लिहिताना या चुका टाळा

महायुद्ध ऐन भरात असताना परग्रहवासी उतरतात, माणसं घाईघाईने अणुबॉम्ब बनवतात, एक फुटतो आणि शत्रू तहाला येतो. दिवाळी अंकासाठी असं कथानक जुळवत असाल तर ते शेवटच्या पायरीवर घसरणार. नुसत्या बॉम्बने जरब बसत नाही. शत्रूकडे गमावण्यासारखं काही हवं, ते आपल्या माऱ्यात हवं आणि माऱ्यात आहे हे त्याला पटलेलं हवं.

म्हणूनच सगळा ताफा कक्षेत ठेवणं ही सर्वांत महागात पडणारी चूक. ४०० किलोमीटरवरच्या यानाचा वेग सेकंदाला सुमारे ७.७ किलोमीटर. अणुबॉम्ब वाहणारं बी-२९ विमान दहाएक किलोमीटरच्या वर जात नाही. जर्मन व्ही-२ अग्निबाणाने जून १९४४ मध्ये सरळ वर १७० किलोमीटरचा पल्ला ओलांडला खरा, पण त्याला वाहता येणारा भार एक टनाचा. नागासाकीवर पडलेला बॉम्ब साडेचार टनांहून जड होता. शिवाय पोकळीत हवाच नाही, तेव्हा हवेच्या दणक्याने यान फुटल्याचं वर्णन खोडून टाका. तिथे नुकसान करतात ते क्ष-किरण, आणि अंतर वाढलं की त्यांचा मारा झपाट्याने विरळ होतो.

उपाय : त्यांचं काहीतरी मोलाचं जमिनीवर उतरवा. वसाहत, कारखाना, दुरुस्तीचा तळ, काहीही. त्यांचं घर दहा प्रकाशवर्षांवर असेल तर आज विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर वीस वर्षांनी येईल. म्हणजे सेनापती एकटा आहे आणि गेलेलं एकही यान भरून निघणार नाही. तुमची खरी जरब इथे आहे. पण लेखक नेमका तिला हात न लावता थेट स्फोटाकडे धावतो.

उलट बाजूने, ‘वरून दगड टाकला की शहर साफ’ हेही आकड्यांत बसवा. सेकंदाला ११.२ किलोमीटर वेगाने आदळणारा हजार टनांचा दगड साधारण हिरोशिमाएवढी, म्हणजे १५ किलोटन (१५ हजार टन टीएनटी स्फोटकाएवढी) ऊर्जा देतो. बैलगाडीत मावेल एवढ्या धोंड्याने पुणं जात नाही.

आता बॉम्बची मोजणी. अणुभट्टीची औष्णिक शक्ती मेगावॉटमध्ये घ्या, दिवसांनी गुणा, तेवढे ग्रॅम प्लुटोनियम, म्हणजे बॉम्बचं इंधन, धरा, थोडं कमीच. अमेरिकेतल्या हॅनफर्डची पहिली भट्टी २५० मेगावॉटची, सप्टेंबर १९४४ मध्ये सुरू झालेली. नागासाकीच्या बॉम्बला सहा किलोच्या वर लागलं. म्हणजे पूर्ण शक्तीने चालली तर महिन्याला एक बॉम्ब, रासायनिक विलगीकरणाचा वेळ वेगळा. अमेरिकेकडेसुद्धा १९४६ मध्ये नऊच होते. खडकीच्या दारूगोळा कारखान्यात १९४३ साली बॉम्ब ‘तयार होतो’ असं लिहू नका. तिथे स्फोटकं मिळतील, प्लुटोनियम नाही. भारताची पहिली अणुभट्टी, तुर्भ्याची अप्सरा, १९५६ ची.

साठवणुकीत आणखी एक गोची. त्या पिढीच्या बॉम्बची ठिणगी, म्हणजे साखळी सुरू करणारे न्यूट्रॉन देणारा भाग, पोलोनियम-बेरिलियमची, आणि पोलोनियमचा अर्धायुकाल (निम्मं उरायला लागणारा काळ) १३८ दिवस. भोर घाटाच्या बोगद्यात दोन वर्षं लपवलेल्या बॉम्बमध्ये त्यातला चाळिसावा हिस्साच उरतो. पण याचाच फायदा घ्या. वरून सगळं दिसणाऱ्या शत्रूपासून दुसऱ्या फेरीचे बॉम्ब लपवायचे तर बोगदे उत्तम, मात्र दर काही महिन्यांनी ताजं पोलोनियम घेऊन कुणीतरी घाट चढलाच पाहिजे. शत्रू बॉम्ब शोधणार नाही, तो माणूस शोधेल.

बॉम्ब कुणाचा, हाही प्रश्न सोडवून ठेवा. लंडनने फोडला तर बदला पुण्यावर येऊ शकतो, कारण दारूगोळा कारखाना इथे. निर्णयात पुणेकराला विचारणार कोण?

आणि खडकीवर बॉम्ब टाकलाच, तर गांधीजींना मारून टाकू नका. ऑगस्ट १९४२ ते मे १९४४ ते आगाखान पॅलेसमध्ये स्थानबद्ध होते. खडकीपासून सरळ रेषेत पाच-सहा किलोमीटर. १५ किलोटनला तिथे काचा फुटतील, इमारत उभी राहील.

किरणोत्सारी धूळ हवी असेल तर स्फोट जमिनीलगत करा. हिरोशिमाचा सुमारे ६०० मीटर उंचीवर झाला, म्हणून तिथे जवळपास धूळ कमी पडली. मग महिना ठरवा. जुलैत खालचे वारे पश्चिमेकडून, तर दहा-बारा किलोमीटरवरचे पूर्वेकडून वाहतात. ढगाचा देठ सोलापूरकडे झुकेल, माथा मुंबईकडे सरकेल, आणि पाऊस वाटेतच धूळ खाली आणेल. हा अंदाज सांगणारं पात्र शोधायला लांब जायला नको : हवामान खात्याचं मुख्यालय १९२८ मध्ये सिमल्याहून पुण्यात आलं होतं, फुगे सोडून वरचे वारे मोजणारी माणसं ‘सिमला ऑफिस’ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या त्याच्या पुण्यातल्या इमारतीतच बसत.