घरच्या स्टुडिओत टॅबलेट आणि ई-रीडर कसे वापरावेत

सांगली-मिरजेत एकाच खोलीत रियाज आणि ध्वनिमुद्रण करणाऱ्यांनी बंदिशींची वही, तानपुरा आणि रेकॉर्डिंग ही सगळी कामे एका टॅबलेटवर लादू नयेत, असे माझे ठाम मत आहे. वाचन ई-रीडरवर आणि ध्वनिमुद्रण टॅबलेटवर ठेवले, की गाताना रेकॉर्डिंगच्या पडद्याला हात लावावा लागत नाही आणि लक्ष गाण्यावर राहते.

ई-रीडरच्या कागदासारख्या दिसणाऱ्या ई-इंक पडद्याला प्रामुख्याने पान बदलतानाच वीज लागते, त्यामुळे चार्जर न लावता तो दीर्घकाळ चालतो, आणि कागदाची सळसळही माइकमध्ये उतरत नाही. आकार मात्र पारखून घ्यावा. बंदिशी लिहिण्याच्या भातखंडे स्वरलेखनात मंद्र (खालच्या) सप्तकाचे टिंब स्वराखाली, तार (वरच्या) सप्तकाचे स्वरावर आणि कोमल स्वराची रेघ खाली असते. सहा इंची पडद्यावर ए-४ आकाराची पीडीएफ उघडली, की ही टिंबे दिसेनाशी होतात आणि मंद्र निषाद मध्य सप्तकातला वाटू लागतो. शक्यतो दहा इंचांच्या आसपासचा पडदा घ्यावा. लहानच असेल, तर समास कापून पान आडवे वाचावे. ई-इंकचे पान क्षणभर थांबून बदलते, म्हणून स्थायी आणि अंतरा एकाच पानावर बसवावेत.

टॅबलेटला जोडण्यासाठी वेगळ्या ड्रायव्हरशिवाय चालणारा ऑडिओ इंटरफेस, म्हणजे माइकचा आवाज डिजिटल करून टॅबलेटला देणारे उपकरण, निवडावा. कंडेन्सर माइकला लागणारी ४८ व्होल्टची फँटम पॉवर (इंटरफेसने माइकला त्याच्याच वायरमधून दिलेली वीज) टॅबलेटची बॅटरी झपाट्याने खाते, म्हणून स्वतंत्र वीजपुरवठ्याचा यूएसबी हब मध्ये घालावा. त्याने गुणगुण ऐकू आली, तर मुद्रणापुरता तो काढून बॅटरीवर काम करावे. विमान मोड सुरू ठेवावा. ४८ किलोहर्ट्झ आणि २४ बिटवर एका मोनो ट्रॅकला मिनिटाला सुमारे ८.६ एमबी जागा लागते, तेव्हा तासभराच्या बैठकीपूर्वी मोकळी जागा पाहून घ्यावी. ब्लूटूथ हेडफोनमध्ये आवाज जाणवण्याइतका उशिरा पोहोचतो आणि तालाशी मेळ बिघडतो, म्हणून वायरचाच हेडफोन वापरावा. अ‍ॅपमधला तानपुराही त्यातूनच ऐकावा; स्पीकरवर लावलेला तानपुरा गळ्याच्या ट्रॅकमध्ये मिसळला, की तो स्वच्छपणे वेगळा काढता येत नाही.

मिरजेच्या सतारीला आणि तानपुऱ्याला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. घरात तिथला तंबोरा असेल, तर अ‍ॅपचा मोह टाळून तोच आधी स्वतंत्र ट्रॅकवर मुद्रित करावा आणि मग त्यावर गावे. तारेखालच्या घोडीच्या घडणीतून येणारी जवारीची ती झंकार अ‍ॅपमध्ये मला कधी मिळालेली नाही. जुळवताना ट्यूनर अ‍ॅपचा आधार षड्जापुरताच घ्यावा. बहुतेक ट्यूनर सप्तकाचे बारा समान भाग धरतात, आणि शुद्ध पंचम त्यांच्या खुणेपेक्षा सुमारे २ सेंट (सेंट म्हणजे त्या बाराव्या भागाचा शंभरावा हिस्सा) वर असतो. तेवढ्यानेही तारांमध्ये संथ लहरी ऐकू येतात. पंचमाची तार त्या लहरी विरेपर्यंत कानानेच सरकवावी.

एप्रिल-मे महिन्यांत पंखा बंद करून मुद्रण करताना टॅबलेट लवकर तापतो आणि पडदा आपोआप मंद होतो. त्याचे आवरण काढून ठेवावे, उन्हाची खिडकी टाळावी आणि लांब मुद्रणांच्या मध्ये त्याला निवू द्यावे. बैठक संपताच सगळ्या फाइल वेगळ्या ड्राइव्हवर उतरवून, तिथून एकदा वाजवून पाहाव्यात आणि मगच टॅबलेटमधून पुसाव्यात.