भिंतीतल्या स्पीकर वायरींची प्लस-मायनस ओळखण्याची तयारी

पुण्यात जुना फ्लॅट घेतला आणि हॉलच्या कोपऱ्यातून खुणा नसलेल्या चार-सहा वायरी बाहेर आलेल्या दिसल्या, तर अ‍ॅम्प्लिफायरचं खोकं इतक्यात उघडू नका. त्या वायरी स्पीकरच्याच आहेत ना, हे आधी बघा. घरच्या वायरिंगमध्ये फेजला लाल आणि न्यूट्रलला काळी वायर असते, आणि स्पीकरलाही लाल-काळीच. त्यामुळे रंगावर अजिबात जायचं नाही. मल्टीमीटर एसीच्या वरच्या रेंजवर ठेवा, घरातले सगळे स्विच चालू करा (बंद स्विचमागची वायर मेलेलीच वाटते) आणि प्रत्येक जोडी तपासा. 230 च्या आसपास आकडा दिसला, तर हात लावू नका, वायरमनला बोलवा.

सामान थोडंच लागतं: मीटर, 1.5 व्होल्टचा पेन्सिल सेल, कागदी चिकटपट्टी, पेन. मीटर नसेल तर बुधवार पेठेत पासोड्या विठोबाच्या आसपास मिळेल. सोबत एक माणूस हवाच.

अ‍ॅम्प्लिफायर आधीच जोडलेला असेल, तर त्याचा प्लग काढून वायरींची दोन्ही टोकं सुटी करा. मग वायर उजेडात नीट बघा. पारदर्शक वायरीत बहुधा एक तार तांबूस आणि दुसरी रुपेरी असते. काहींत एका बाजूवर रेघ, छापील अक्षरं किंवा नखाला लागणारी बारीक कड असते. तसं काही सापडलं तर खूणवाली बाजू प्लस ठरवा आणि घरभर तेच पाळा.

दोन्ही तारा हुबेहूब सारख्या असतील तर सोबत्याला अ‍ॅम्प्लिफायरच्या टोकाला सेल धरायला सांगा आणि दुसऱ्या टोकाला मीटर डीसीवर लावा. आकडा उण्याशिवाय आला, तर मीटरच्या लाल पिनेखालची तार प्लस. उणे आलं, तर दुसरी. कुठली जोडी कुठल्या खोलीत जाते, हेही यातच कळतं. लगेच दोन्ही टोकांना चिकटपट्टी लावून लिहा.

स्पीकरच्या टर्मिनलवरही खूण नसेल तर जाळी काढा आणि सेल क्षणभरच टेकवा. वूफरचा (मोठ्या, बेसच्या स्पीकरचा) कोन, म्हणजे हलणारा पडदा, बाहेर आला, तर सेलच्या प्लसकडचं टर्मिनल प्लस. ट्वीटरकडे (छोट्या, बारीक आवाजाच्या स्पीकरकडे) बघू नका, त्याच्या आधी जोडलेला कपॅसिटर नावाचा भाग सेलचा डीसी अडवतो. नऊ व्होल्टची बॅटरी नको.

जोडणी झाल्यावर एखादं गाणं मोनोमध्ये (दोन्ही स्पीकरमधून एकसारखाच आवाज) लावून दोन स्पीकरच्या बरोबर मध्ये बसा. गाणाऱ्याचा आवाज मधूनच आला पाहिजे. तो विखुरलेला वाटला आणि बेस पोकळ लागला, तर एका स्पीकरचा कोन बाहेर येताना दुसऱ्याचा आत जातोय. अशा वेळी एकाच स्पीकरच्या तारा उलटवा. दोन्हींच्या उलटवल्या तर फरक पडणार नाही.