हस्तलिखितातले संदर्भ अचानक ‘मेले’ तेव्हा

शोधनिबंध पाठवायचं जर्नल बदललं, म्हणून लेखक-वर्ष पद्धतीचे संदर्भ व्हँकूव्हर पद्धतीच्या क्रमांकांत न्यायचे होते. झोटेरोत (संदर्भ सांभाळणारं सॉफ्टवेअर) शैली बदलली की काम संपायला हवं. पण निम्मे संदर्भ जागचे हलेनात.

वर्डमध्ये ऑल्ट-एफ९ दाबलं आणि उलगडा झाला. जिवंत, म्हणजे झोटेरोशी जोडलेल्या संदर्भाच्या जागी लांबलचक फील्ड कोड (मजकुरामागची छुपी सूचना) दिसतो. इथे अर्ध्या ठिकाणी नुसता मजकूर होता. सहलेखकाने फाइल गूगल डॉक्समध्ये उघडून तपासली होती, त्यात फील्ड गळून पडली. (झोटेरोत वर्डप्रोसेसर बदलण्यासाठी वेगळी सोय आहे, पण ती कोण शोधतो!)

संदर्भ पुन्हा एकेक घालणं म्हणजे नव्या चुकांना आमंत्रण. त्याऐवजी फील्ड शाबूत असलेली जुनी प्रत काढली, वर्डच्या ‘कंपेअर’ने दोन्ही ताडून पाहिल्या आणि सहलेखकाचे बदल हाताने जुन्या प्रतीत उतरवले. मग शैली बदलली. क्रमांक मजकुरात येण्याच्या क्रमाने आपोआप लागले.

संदर्भयादीतला कचरा मात्र शैली साफ करत नाही. शीर्षकं कुठे सगळी मोठ्या अक्षरांत, जर्नलची संक्षिप्त नावं गायब. ते झोटेरोतल्या नोंदीतच सुधारावं लागतं. प्रजातींची नावं तिरपी हवी असतील तर शीर्षकात त्या नावाभोवती एचटीएमएलचे आय टॅग (<i> आणि </i>) टाकायचे. डीओआयवर (लेखाचा कायमचा ऑनलाइन ओळखक्रमांक) एकेक क्लिक करून बघितलं. कंटाळवाणं, पण टाळू नये.

पाठवण्यासाठी वेगळी प्रत केली आणि ‘अनलिंक सायटेशन्स’ (झोटेरोशी दुवा तोडून संदर्भांचा साधा मजकूर करणारी सोय) फक्त तिच्यावर वापरलं. मूळ फाइल परीक्षकांच्या सूचनांनंतर लागतेच.