सापळे लावले तरी व्हायरस का पसरतो? या चुका टाळा

टोमॅटोचा शेंडा आखडला, पाने वाटीसारखी वळली, की मग पिवळ्या चिकट सापळ्यांसाठी कृषी सेवा केंद्र गाठायचे, हा नेहमीचा उशीर. पांढऱ्या माशीने विषाणू झाडात सोडला की लक्षण दिसायला साधारण दोन-तीन आठवडे जातात. म्हणजे आज दिसतोय तो मागचा हिशोब. सापळे रोपवाटिकेपासूनच हवेत, आणि लागवडीनंतरचा पहिला महिना-दीड महिना सगळ्यात जपायचा. रोपे विकत घेत असाल, तर ती बारीक जाळीच्या नेटमध्ये वाढवलीत का, हे भाव विचारण्याआधी विचारा.

दुसरी चूक सापळ्याकडून नको ती अपेक्षा ठेवण्याची. तपासणीचे सापळे माश्या संपवायला नसतात, मोजायला असतात. सापळा शेंड्याच्या जरा वर राहील असा बांधा आणि पीक वाढेल तसा वर सरकवा. डोक्याच्या उंचीवर टांगलेला सापळा धूळच गोळा करतो. मागच्या बाजूला पेनाने तारीख टाका, ठरलेल्या वारी मोजा, वहीत लिहा. एका आठवड्याचा आकडा फारसे सांगत नाही. तो चढतोय की उतरतोय, ते बघायचे. आणि सगळे सापळे प्लॉटच्या मधोमध नकोत. माशी बहुधा बांधावरून, शेजारच्या जुन्या भेंडी-वांग्यातून येते, म्हणून काही सापळे कडेला हवेतच.

"अजून फार नाहीत, फवारणी नको," हेही सर्रास ऐकू येते. नुकसानीची पातळी, म्हणजे किती किडी दिसल्या की फवारायचे, म्हणून जे आकडे दिलेले असतात, ते बहुतेक रस शोषण्याने होणाऱ्या नुकसानीवरून ठरलेले असतात. विषाणूच्या बाबतीत शेजारी रोगट झाडे असतील तर थोड्या माश्याही पुरतात. मोजणीइतकेच बांधावरच्या तणाकडे आणि जुन्या, सोडून दिलेल्या प्लॉटकडे लक्ष द्या.

खरा घोळ मात्र कीड ओळखण्यात होतो. शहाद्याकडच्या पपईत रिंगस्पॉट हा विषाणूजन्य रोग आला की शेतकरी पाने उलटून मावा शोधतो आणि सापडत नाही. सापडणार कसा? पपईवर मावा सहसा वस्ती करतच नाही. उडता उडता टेकतो, सोंड खुपसून चव बघतो, पुढे जातो. तेवढ्या काही सेकंदांत विषाणू झाडात जातो, कीटकनाशकाने मावा मरेपर्यंत काम झालेले असते. इथे पानावरची मोजणी आणि फवारणी दोन्ही अपुऱ्या. लागवडीआधी पेरलेल्या मका-ज्वारीच्या दाट कडा जास्त उपयोगी, कारण मावा आधी तिथे टेकतो आणि सोंडेवरचा विषाणू बराचसा तिथेच उतरतो. केळीतल्या हरण्या या विषाणूजन्य रोगाचाही वाहक मावाच, आणि तो विषाणू काकडी-भोपळ्यावरही जगतो. त्यामुळे केळीच्या बागेत किंवा लगत काकडी-भोपळा घेणे म्हणजे विषाणूला मुक्काम देणे.

फुलकिड्यांचे गणित वेगळे. टोमॅटोचा शेंडा काळवंडवणारा विषाणू ते पिल्लू असतानाच घेतात आणि प्रौढ झाल्यावर आयुष्यभर पसरवतात. पिल्लांना पंख नसतात, म्हणून निळ्या सापळ्यावर फक्त प्रौढच दिसतात. फुले आणि शेंडे पांढऱ्या कागदावर झटका, पिल्ले लगेच वळवळताना दिसतील.

माशी दिसली की सिंथेटिक पायरेथ्रॉइड गटातल्या कीटकनाशकाचा पंप भरायचा, ही खोड मोडा. मित्रकिडी मरतात आणि पांढरी माशी उलट वाढते. पाने पिवळी म्हणजे व्हायरसच, असेही नाही. कोवळ्या पानाच्या शिरा हिरव्या आणि मधला भाग पिवळा असेल तर आधी लोहाची कमतरता तपासा.

सापळे जवळपास रिकामे आणि रोगट झाडे मात्र एका सरीत ओळीने येत असतील, तर कीड सोडून झाडे बांधणाऱ्या हातांकडे बघा. टोमॅटोचा मोझॅक हा विषाणूरोग हातांनी, कात्रीने पसरतो. रोगट ओळीचे काम शेवटी ठेवा आणि हात साबणाने धुवा. पांढऱ्या माशीने बाधित झाड उपटताना मात्र आधी त्यावर प्लॅस्टिकची पिशवी घाला, नाहीतर झाड हलले की माश्या उठून शेजारच्या झाडावर बसतात.